उंचीएवढा श्वास

१७ नोव्हेंबर, सोमवार

ही वही दवाखान्याच्या हुकमानं सुरू केली. नसता मी अन् लिहिणं, काय संबंध? मी बद्रीनाथ, राजूरच्या गणपतीपुढं माझं पेढ्याचं दुकान, वय चोपन्न, शिक्षण दहावी, तेबी दुसऱ्या झटक्यात.

बेंबीला हर्निया झालाय. दोन वर्षांमागं लिंबाएवढा होता, आता नारळाएवढा. खोकलो की आतडं भाईर येतं, मंग हातानं आत सारायचं. जालन्याचे सर्जन साहेब म्हणले, एखाद्या दिवशी हे अडकून बसंल, आतडं सडंल, तवा पळापळ करून उपयोग न्हाई, आत्ताच करून घ्या. म्हणलं घ्या करून. सहा जानेवारीला अंगारकी आहे, त्याच्या आत मला गादीवर बसायचंय. तर म्हणले, माझी तयारी आहे, पण भूल देणाऱ्या मॅडम हो म्हणल्या पाहिजेत.

मॅडम म्हणजे डॉक्टर संध्या. बारक्या चणीच्या, माझ्या एका मांडीएवढ्या. त्यांनी शिंप्यासारखी टेपनं माझी मान मोजली. साडेअठरा इंच. तोंड उघडायला लावून आत बॅटरी मारली. वजन विचारलं, मी म्हणलं एकशेदहा. काट्यावर उभं केलं तर आकडाच येईना, नुसत्या दोन रेघा. तो काटा एकशेवीसच्या पुढं बोलतच न्हाई म्हणं. सिस्टरनं तोंड फिरवलं. कामून फिरवलं ते मला बराबर कळलं.

मंग मॅडमनं हिला विचारलं, झोपेत घोरतात का, श्वास अडकतो का. ही म्हणजे पुष्पाबाई, माझी घरवाली. हिनं तोंड उघडलं, तेवढ्यात मीच सांगून टाकलं की घोरतो थोडंबहुत, कोण घोरत न्हाई? हिनं माझ्याकडं बघितलं अन् पदर सारखा केला. दवाखान्यात बायकांना बोलू दिलं की एका आजाराचे दहा होतात, म्हणून मी घरूनच ताकीद देऊन आणलं होतं.

येताना एक प्लास्टिकचं खेळणं दिलं. तीन कप्पे, तीन गोळ्या, एक नळी. नळीतून हवा आत ओढायची, की गोळ्या वर जातात. दर घंट्याला दहा वेळा. किती उठल्या ते रोज लिहायचं, झोप कशी लागली तेबी लिहायचं. ऑपरेशन चार डिसेंबरला.

आज: एक गोळी. दुसरी नुसती थरथरली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आजच्यासारखा दिवस वैऱ्यावर न यावा. मॅडमला खरं वजन पाहिजे, अन् माणसाच्या काट्यावर मी मावत न्हाई. मंग मोंढ्यात कल्याणशेठच्या आडतीवर गेल्तो. मोठ्या काट्यावरची मक्याची पोती उतरून घेतली अन् मला चढवलं. हमालांनी काम थांबवलं. कल्याणशेठ माझा दोस्त, पण त्याला मौका सोडवंना. म्हणला, पोत्याचं बारदान किती वजा धरायचं बद्रीभाऊ?

एकशे चौतीस किलो, चारशे ग्रॅम. पावती सुद्धा दिली छापील. खिशात घालून आणली, गणपतीकडं न बघता दुकानात शिरलो.

आज: एक गोळी. मन लागलं न्हाई.

१९ नोव्हेंबर, बुधवार

झोपेचं लिहायला सांगितलंय तर लिहितो. झोप मला लागूच देत न्हाई ही बाई. डोळा लागला की बरगडीत कोपर. परत लागला की परत कोपर. उजव्या बाजूला काळंनिळं पडलंय, आज आरशात बघितलं. बारा वर्षं झाले हा तमाशा चालू आहे. विचारलं तर म्हणती, कुशीवर व्हा. दिवसभर एक शब्द बोलत न्हाई अन् रात्री असा सूड काढती. कशाचा काढती कोण जाणे. मी हात उचललेला न्हाई कधी, कमी केलेलं न्हाई काही.

अन् निम्मी रात्र उशाशी बल्ब लावून गोधड्या शिवती. घरात माणसं दोन, गोधड्या सतरा. लेक दैवशाला अंबडला दिली, तिच्या घरी सहा पोचल्या. आता पाव्हणे दुरून हात जोडतात.

आज: एक गोळी, चार वेळा दुसरी अर्धी.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

हिला भट्टीवरून उठवली. दुपारी खवा ढवळता ढवळता पेंगली, बुडाला लागला, वीस लिटर दुधाचा खवा गेला. दिवसा डुलक्या घेती, बसल्याजागी, उभ्याजागी, मुसळासारखी भिंतीला टेकून. चारचौघांत म्हणलं, कुंभकर्णाची बहीण आहे ही. गिऱ्हाइकं हसली. ही हात धुऊन आत गेली. आता भट्टीवर माझा धाकटा भाऊ सोमेश्वर बसतो. हिच्याकडं फक्त कोठीच्या चाव्या राहू दिल्या, कारण कोणतं पोतं कुठं हे हिलाच ठाऊक.

मॅडमनं गोड बंद केलंय. पण आमच्या घराण्याचा एक रिवाज आहे, तो बंद होऊ शकत न्हाई. पहाटेच्या पहिल्या घाण्यातला पहिला पेढा गणपतीपुढं जातो, अन् परत आला की दुकानाच्या मालकाच्या तोंडात. त्याच्याआधी चहा न्हाई, पाणी न्हाई. बापानं मरेपर्यंत पाळलं, मी सव्वीस वर्षं पाळू राह्यलो. तो काय खाण्यात धरत न्हाईत.

आज: दीड गोळी धरू.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

परत जालन्याला. मॅडमसाठी पेढ्यांचा पुडा नेल्ता, वर देवाचं फूल. त्यांनी हात लावून टेबलावर ठेवला अन् जाताना सिस्टरकडं दिला. मला जरा लागलं. नंतर कळलं, कुंभार पिंपळगावच्या पुंजाराम गुरुजींची लेक आहे ती, त्यांच्यात देवाला दाखवलेलं खात न्हाईत. असो. ज्याचं त्याच्यापाशी.

आज त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. मला वाटायचं, माणूस मोठा तर फुफ्फुस मोठं. त्या म्हणल्या, बिलकुल न्हाई. फुफ्फुस उंचीएवढंच राहतं. तुम्ही पाच फूट चार, तर तुमचं फुफ्फुस पाच फूट चारच्या सडसडीत माणसाचं. वजनाच्या हिशोबानं हवा भरली तर ते फाटायचं, म्हणून मशीनला मी तुमची उंची सांगणार, वजन न्हाई. मी म्हणलं, मंग ती मोंढ्यातली पावती कशाला? तर औषधाला अन् टेबलाला लागती म्हणं. टेबल मोडलं तर?

मंग त्यांनी पुढचं सांगितलं. मी पाठीवर निजलो की पोट वर चढतं अन् फुफ्फुसाचा खालचा भाग मिटून जातो. भूल दिल्यावर तर जास्तच. मिटलेलं उघडावं लागतं, उघडलेलं मिटू नये म्हणून थोडी हवा आत धरून ठेवावी लागती. उंच उशा करून, अर्धं बसवूनच भूल देणार. मी विचारलं, भूल दिली अन् उठलोच न्हाई तर? हे विचारायला मी आठ दिवस धीर गोळा करू राह्यलो होतो.

मॅडम म्हणल्या, "झोपवणं सोपं आहे हो. झोपेतला श्वास सांभाळणं, हेच माझं काम."

हिनं एकदम मान वर केली. मॅडमकडं बघतच राह्यली. मॅडमनं परत विचारलं, बाई, तुम्हाला काही सांगायचंय का? मी खाकरलो. ही म्हणली, न्हाई.

येताना गाडीत ध्यानात आलं, की मी विसाव्या वर्षी सत्तावन्न किलोचा होतो. कबड्डीत धरायला हाती लागत नव्हतो. ते फुफ्फुस अजून तसंच आहे म्हणजे. तो पोरगा आत कोंडलाय अन् वर मी बसलोय.

आज: दोन गोळ्या, एकदाच.

३० नोव्हेंबर, रविवार

चार दिवस लिहिलं न्हाई. काही झालं न्हाई म्हणून न्हाई, भीती वाटली म्हणून. दुकानाच्या तीन पायऱ्या चढलो की थांबावं लागतं. वाकून चप्पल घालता येत न्हाई, पट्टा आवळला की दम लागतो, सोडला की आतडं भाईर. निजलो की छातीवर कोणी बसल्यासारखं. ऑपरेशन न्हाई केलं तर अडकून मरायचं, केलं तर भुलीत मरायचं. उंदराला दोन्ही बिळांच्या तोंडाशी मांजर.

हिला म्हणलं, माझं काही झालं तर तू माहेरी जाशील का? हिनं गोधडीला पुढचा टाका घातला. तसंबी हिला माहेरची ओढ न्हाई. हिची आई गेली, तेराव्यापर्यंत रोज सकाळी बसनं जायची अन् संध्याकाळी परत. एक मुक्काम केला न्हाई. लोकांनी नावं ठेवली. मीच म्हणलं होतं, ऱ्हा की, मी काय पळून चाललोय? तर म्हणली, न्हाई, रात्री घरी पाहिजे.

आज: दोन गोळ्या, सहा वेळा. सोमेश्वर म्हणला, दादा, शाब्बास.

४ डिसेंबर, गुरुवार

माझ्या बायकोनं आज सगळ्या दवाखान्यापुढं माझी इज्जत काढली.

कालच भरती झालो होतो. रात्री दहानंतर काही खायचं न्हाई, सकाळी पाणीबी न्हाई, असं तीन वेळा बजावलं. मी पाळलं. पहाटे सोमेश्वर मोटारसायकलनं आला, पहिल्या घाण्यातला पहिला पेढा देवाला दाखवून, केळीच्या पानात बांधून. सहा वाजता तोंडात टाकला, हात जोडले. आज तर जास्तच गरज होती त्याची. ही पाह्यत होती. म्हणली, अहो, डॉक्टरीण बाईंनी न्हाई म्हणलंय. मी म्हणलं, प्रसाद आहे, गप ऱ्हा.

साडेआठला चाकाच्या खाटेवर घेतलं. अंगात तो हिरवा झगा, मागं नाड्या पुरंनात, पाठ उघडी. थेटरच्या दारात मॅडमनं विचारलं, सकाळपासून काही खाल्लं? म्हणलं, पाण्याचा थेंब न्हाई. खोटं बोललो न्हाई मी, माझ्या हिशोबानं.

तर ही पुढं आली अन् खाटेचा दांडा धरला. तीस वर्षांत हिचा एवढा मोठा आवाज मी ऐकला न्हाई. "यांनी पेढा खाल्लाय. सहा वाजता. आख्खा."

मी म्हणलं, प्रसाद घेतला. मॅडमनं तोंडावरचा मास्क खाली केला. चिडल्या न्हाईत. सर्जन साहेबांना आतून बोलावलं अन् म्हणल्या, आज होणार न्हाई. मला समजावलं की भूल दिली की पोटाचं झाकण सैल पडतं, पोटातलं घशात येतं अन् तिथून फुफ्फुसात जातं. एवढ्या पोटात जास्तच. देव मोठाच आहे, पण पेढा दुधाचाच ना, म्हणल्या.

तेवढ्यावर थांबावं की न्हाई? न्हाई थांबली. बारा वर्षांची जीभ आजच सुटली. मी खाटेवर आडवा, उठता येईना, झगा सुटलेला, अन् ही वऱ्हांड्यात उभी राहून सांगू राह्यली. घोरता घोरता एकदम आवाज बंद होतो. छाती हलती पण हवा येत न्हाई. ओठ काळे पडतात. ती मनात आकडे मोजती, वीसच्या पुढं गेलं की कोपर मारती, मंग मोठा घोट घेतल्यासारखा श्वास येतो. मॅडमनं स्टूल ओढून हिला बसवलं, स्वतः उभ्या राह्यल्या, अन् लिहून घेत गेल्या. मधी विचारलं, मंग तुम्ही झोपता कधी?

ही म्हणली, "बाई, तुम्ही दोन घंटे सांभाळसाल. मी बारा वर्षं झाले सांभाळू राह्यले. हेच काम आहे म्हणालात न तुम्ही, तवा मला कळलं की याला काम म्हणतात."

ऑपरेशन पुढं ढकललं. आधी झोपेची तपासणी, मंग रात्री लावायचं कसलंसं मशीन, मंग बघू. अंगारकी हुकते का काय! घरी येईपर्यंत हिच्याशी बोललो न्हाई. रात्री खाट दुसऱ्या खोलीत टाकणार आहे.

गोळ्या गेल्या खड्ड्यात.

५ डिसेंबर, शुक्रवार

दुसऱ्या खोलीत झोपलो. सकाळी बघतो तर ही दाराच्या उंबऱ्यावर भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर गोधडी, सुई तशीच हातात. ओलांडून दुकानात गेलो.

९ डिसेंबर, मंगळवार

काल रात्री घरीच तपासणी झाली. छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाला नळी, सगळं एका डबीला जोडलेलं. मॅडमनं हिला सांगितलं होतं की आज कोपर मारायचा न्हाई, डबीला खरं खरं बघू द्या. दैवशाला मुद्दाम अंबडहून आली होती. ती म्हणती, आई रात्रभर खाटेचा खूर घट्ट धरून बसली होती अन् रडू राह्यली होती. मी म्हणलं, रडायला काय झालं? पोरीनं माझ्याकडं बघितलं अन् पदर सारखा केला, आईसारखाच.

१२ डिसेंबर, शुक्रवार

कागद आला. एका घंट्यात एक्केचाळीस वेळा श्वास थांबतो. सगळ्यात लांब थांबला तो एक मिनिट चार सेकंद.

मॅडमनं आकडा वाचला तवा मला काही वाटलं न्हाई. आकडाच तो. दुपारी दुकानात गादीवर बसलो होतो, गिऱ्हाईक नव्हतं. समोर भिंतीवर घड्याळ. म्हणलं बघावं तरी. नाक धरलं, तोंड मिटलं. वीस सेकंदाला कानात भणभण. अठ्ठावीसला डोळ्यापुढं काजवे. तिसाला सोडलं, घाम फुटला. परत केलं. तेहतीस. त्याच्या पुढं जाववलं न्हाई.

तेहतिसाच्या पुढं अजून एकतीस सेकंद. तेवढा वेळ मी कुठं होतो? मी तर झोपेत, मला पत्ता न्हाई. ती तिथं होती. मोजत. अन् हे एका रातीत शेकड्यानं. अन् रात्री किती झाल्या बारा वर्षांत.

तिचा खवा करपला त्या दिवशी मी चारचौघांत काय म्हणलं ते वर लिहिलेलं आहे. खोडणार होतो. न्हाई खोडलं. राहू दे.

रात्री म्हणलं, आपल्या खोलीतच टाक माझी खाट. ती बरं म्हणली अन् खाटेचं दुसरं टोक धरलं.

१५ डिसेंबर, सोमवार

मशीन आलं. डबा तसा लहान, पण नळी हत्तीच्या सोंडेसारखी अन् पुढं मास्क. नाकावर बसवून डोक्यामागं पट्टे आवळायचे. घोड्याला तोबरा बांधतात तसं. ते आत हवा दाबत राहतं, गळा मिटू देत न्हाई. आज लावलं तर दहा मिनिटांत उपटून फेकलं. गुदमरून मरतो की काय वाटलं. चौघांनी धरून पोत्यात कोंबल्यासारखं.

हिनं उचललं, पुसलं, परत लावलं. मी परत काढलं. तिनं परत लावलं. पाचव्या वेळेला मीच हात खाली घेतले. पोटात हर्निया, कंबरेला पट्टा, तोंडाला तोबरा. आता फक्त पायात बेडी राह्यली.

गोळ्या: दोन, दहाही वेळा.

२० डिसेंबर, शनिवार

पाच रात्री लावलं. एक गोष्ट कबूल करतो, सकाळी डोकं दुखत न्हाई. मला वाटायचं, सगळ्यांचंच दुखतं.

मॅडमनं चोवीस तारीख दिली. हिच्याकडून एक सामान मागवलं: चार-पाच जाड गोधड्या, धुऊन, कडक उन्हात वाळवून. दवाखान्याच्या उशा माझ्या भारानं चेपून जातात, गोधडीची घडी चेपत न्हाई. त्यांचा ढीग करून खांद्याखाली अन् डोक्याखाली लावायचा, की कान अन् छातीचं हाड एका रेषेत येतं अन् श्वासाची वाट सरळ होती. हिनं सतरातल्या पाच निवडल्या. गच्चीवर वाळत घातल्या तवा मी प्रत्येकीला हात लावून बघितलं. टाका बारीक, इतका बारीक की दिवसा डोळे फोडून घालावा लागंल. हिनं रात्रीत घातले.

जागं राहण्यासाठी शिवायची ती. हे मला आज कळलं. विचारलं न्हाई तिला. विचारायचं तोंड पाहिजे न.

२३ डिसेंबर, मंगळवार

भरती झालोय. सोमेश्वरला फोन करून सांगितलं, उद्याचा पहिला पेढा गणपतीपुढंच राहू दे. तो म्हणला, दादा, सव्वीस वर्षांचा नेम? म्हणलं, गणपतीचंबी पोट मोठं आहे, त्याला कळंल.

भीती गेली न्हाई. पोटात गोळा आलाय अन् तो हर्नियाचा न्हाई. उठलो न्हाई तर ही वही दैवशालाला द्यावी. चाव्यांचं हिला विचारावं.

गोळ्या: तीन. एकदा. तिसरी वर टेकली अन् मला पोरासारखा आनंद झाला.

२६ डिसेंबर, शुक्रवार

उठलो.

परवाचं आठवतं तेवढं लिहितो. पाच गोधड्यांवर मला राजासारखं अर्धवट बसवलं. वरची गोधडी हिच्या आईच्या जुन्या लुगड्याची होती, हिरव्या काठाची, गालाला लागत होती. मॅडमनं नाकातोंडावर मास्क धरला अन् म्हणल्या, घाई न्हाई, खोल खोल घ्या. मी घेऊ राह्यलो. मनात गोळ्या वर जात होत्या. एक, दोन, मंग तिसरी. मॅडमचा हात माझ्या हनुवटीखाली होता. त्याच्या पुढचं ठाऊक न्हाई.

डोळे उघडले तवा बसलेलोच होतो. नाकावर माझंच मशीन, घरून आणलेलं. पोटात आगीचा पट्टा. उशाशी ही. दोन घंट्यांनी मास्क जरा बाजूला करून हिनं ते खेळणं माझ्या तोंडापुढं धरलं. म्हणलं, दुखतंय ग. तर टाक्यांवर उशी दाबून धरली अन् म्हणली, ओढा. ओढलं. संध्याकाळी उठवून चार पावलं चालवलं. झोपून राह्यलं तर फुफ्फुस परत मिटतं म्हणं. ही बाई मला आता मॅडमपेक्षा जास्त शिकवू राह्यली.

मॅडम आल्या, पाठीला नळी लावून ऐकलं. खालपर्यंत हवा जाते म्हणल्या. मी विचारलं, मशीनला काय सांगितलंत? म्हणल्या, पाच फूट चार. मंग हिच्याकडं वळून म्हणल्या, रात्रीची ड्यूटी आता मशीनकडं द्या. हिनं मान हलवली, पण विश्वास बसला न्हाई. रात्रभर खुर्चीत ताठ.

२९ डिसेंबर, सोमवार

घरी सोडलं. निघायच्या आधी सोमेश्वरकडून पावशेर पेढे मागवले, देवाला न दाखवलेले. आमच्या दुकानात अशी गोष्ट पहिल्यांदा झाली. मॅडमपुढं डबी धरली, म्हणलं, हा प्रसाद न्हाई, नुसती मिठाई आहे. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. एक उचलला, अर्धा मोडून हिच्या हातावर दिला, अर्धा तिथंच खाल्ला.

२ जानेवारी, शुक्रवार

मुक्कामाला आलेल्या दैवशालानं सांगितलं, आई अजून उठून बसती रात्री. मशीनची घरघर ऐकती, बोटावर मोजती. आता काही चुकत न्हाई तरी मोजती. सवय आहे. पिंजरा उघडला तरी पाखरू दांडीवरच बसतं काही दिवस. मला वाटू राह्यलं होतं कोंडलेला मीच आहे. पट्टा, तोबरा, पोट, सगळं माझंच लिहीत बसलो इतके दिवस.

आज भाकर वाढता वाढता म्हणली, संक्रांतीला माहेरी जाऊन येऊ का? दोन मुक्काम. असं विचारलं की जसं काही मी कधी अडवलं होतं. म्हणलं, दोन कामून, आठ कर.

गोळ्या: तीन, पाच वेळा.

६ जानेवारी, मंगळवार

आज अंगारकी. रात्री दोनपासून रांग लागलीय, लाउडस्पीकर इथं घरापर्यंत ऐकू येतो. मला दुकानात जायची बंदी. दर अंगारकीला ही तीनला उठून कोठी उघडती.

साडेसहाला मला जाग आली. मशीन बंद केलं, मास्क काढला. शेजारी ही झोपलेली. बसलेली न्हाई, टेकलेली न्हाई, झोपलेली. कुशीवर, तोंड उघडं, एक हात खाटेखाली लोंबत. मी तिला अशी कधी बघितलीच न्हाई. आधी भ्यालो. मंग तिच्या पाठीकडं बघून मोजायला लागलो. वर, खाली. वर, खाली. एका मिनिटात चौदा. परत मोजले. चौदा. तिसऱ्यांदा मोजले ते उगंच.

उठून चहा ठेवला. मला चहा येतो हे मलाच ठाऊक नव्हतं. तिच्या उशाशी कप ठेवला. सात वाजले, आठ वाजले.

सव्वाआठला सोमेश्वरचा फोन. मागं माणसांचा गोंधळ, घंटा, काही ऐकू येईना. ओरडून बोलू राह्यला की साखर संपत आली, कोठीला कुलूप, चावी वहिनीपाशी, जल्दी उठवा वहिनीला, रांग देवळाच्या मागं गेली.

मी फोन तोंडापाशी घेऊन हळू बोललो.

"ती झोपलीय. कुलूप तोड."

तो म्हणला, दादा, काय? मी फोन बंद करून टाकला. तिनं कूस बदलली, पण उठली न्हाई. चहावर साय धरलीय. नवा ठेवीन, ती उठंल तवा.